बाहेर उणे नऊ, ओढ्यात अधिक सात

ज्यांच्या मळ्यात विहीर होती त्यांना हा लेख अर्धा आधीच माहीत आहे. पौषातल्या पहाटे विहिरीवर गेलं की पाण्यावर वाफ तरंगताना दिसायची आणि पाइपातून पडणारं पाणी अंगाला कोमट लागायचं. त्याच विहिरीचं पाणी वैशाखात गारेगार. पाणी दोन्ही वेळा तेच. बदललेली असायची ती बाहेरची हवा. जमिनीच्या पोटात दहा-पंधरा मीटर खाली ऋतू पोचतच नाहीत. तिथलं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीला धरून असतं. आपल्याकडे ती सरासरी पंचवीस अंशांच्या आसपास, म्हणून विहिरीचं पाणीही साधारण तेवढंच.

आता हीच विहीर उचलून अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात नेऊन ठेवा. तिथली वर्षाची सरासरी आठ-नऊ अंश. म्हणजे जमिनीखालून येणारा झरा बारा महिने नऊ अंशांच्या जवळपास. जुलैत बाहेर ३० अंश असताना त्यात पाय टाकला तर कळ डोक्यापर्यंत जाते. जानेवारीत बाहेर उणे पंधरा असताना त्याच झऱ्यावर आपल्या विहिरीसारखी वाफ. तळी गोठलेली, मोठ्या नद्यांवरून माणसं चालत जातात, आणि हा ओढा मात्र बर्फाच्या मधोमध खळखळ वाहतो. काठाशी वॉटरक्रेस नावाची अळिवाच्या जातकुळीतली भाजी हिरवीगार उभी असते. पांढऱ्याशुभ्र खोऱ्यात तेवढाच एक हिरवा पट्टा. झरा कुठे आहे ते त्यावरून लांबूनच कळतं.

मी विस्कॉन्सिनच्या राजधानीत, मॅडिसनला राहतो. गेली काही वर्षं जानेवारी-फेब्रुवारीतले दोन-तीन शनिवार आम्ही तिघं या ओढ्यांवर ट्राउट नावाचा मासा गळाला लावण्यात घालवतो. एक मी. दुसरा सांगलीकडचा मित्र, त्याला सगळे सांगलीकरच म्हणतात. तिसरे इथलेच एक निवृत्त शिक्षक, सत्तरीचे, ज्यांना आम्ही दोघं मास्तर म्हणतो आणि त्यांनाही आता ते नाव आवडायला लागलंय. पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बर्फात पाण्यात उभा राहतोस? आणि मासा धरून परत सोडतोस? मग जातोस कशाला?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर विहिरीत आलं. दुसऱ्याचं पुढे येईल. तिसऱ्याचं मला अजून सापडायचंय.

या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमनद्या सरकताना दगड, माती, वाळू असा जो राडा मागे टाकून जातात त्याला भूगर्भशास्त्रात ड्रिफ्ट म्हणतात. हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश बर्फाच्या जाड थराखाली रगडून सपाट झाला. पण विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय या चार राज्यांच्या सीमेवरचा हा तुकडा शेवटच्या हिमयुगात बर्फानं वळसा घालून सोडला. म्हणून इथे तो राडा नाही आणि सपाटीही नाही. उंच टेकड्या आणि त्यांच्यामधून अरुंद, खोल खोरी. या खोऱ्यांना इथले लोक फ्रेंचांकडून आलेला 'कूली' हा शब्द वापरतात. आपल्याला तो ऐकला की वेगळंच काही आठवतं, पण असो.

टेकड्यांचा दगड वालुकाश्म आणि डोलोमाइट, म्हणजे चुनखडीचा भाऊ. पाण्यात किंचित विरघळणारा. हजारो वर्षं पावसाचं पाणी मुरून मुरून त्यात भेगा, पोकळ्या, नळ्या तयार झाल्यात. वरून पडलेलं पाणी टेकडीच्या माथ्यावर मुरतं, भेगांमधून सावकाश उतरतं आणि एखादा न झिरपणारा थर लागला की टेकडीच्या पायथ्याशी उमाळ्यासारखं बाहेर पडतं. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट या बाबतीत कंजूष. धो धो पाऊस पडतो, पण कातळाच्या पोटात जागा कमी. संक्रांत झाली की बरेचसे ओढे कोरडे पडायला लागतात. इथला दगड स्पंजासारखा. पाऊस आपल्या कोकणाच्या तिसरा हिस्सासुद्धा नसेल, पण ओढा आटत नाही.

दगड एवढा चांगला असूनही शंभर वर्षांपूर्वी हे ओढे मरायला टेकले होते. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या शेतकऱ्यांनी, त्यांत नॉर्वेजियन बरेच, टेकड्यांवर उतारालाच सरळ नांगर धरला, माथ्यावरच्या जंगलात गुरं सोडली. पाऊस मुरेनासा झाला. तो मातीसकट खाली धावायला लागला, उतारांवर घरं मावतील एवढ्या घळी पडल्या, खोऱ्यांत गाळाचे थर साचले, झरे दबले. मग १९३३ साली अमेरिकी सरकारनं नव्यानं काढलेल्या मृदा-धूप खात्यानं कून व्हॅली हे इथलंच खोरं देशातला पहिला पाणलोट-प्रयोग म्हणून निवडलं. शेतकऱ्यांना समपातळीत नांगरायला शिकवलं. मक्याचा एक पट्टा, गवताचा एक पट्टा अशी टेकडीला गुंडाळलेली पेर. तीव्र उतारावर गुरं बंद. बांध, चर, झाडं. आल्डो लिओपोल्ड हे तेव्हा नुकतेच विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. वन्यजीवांच्या बाजूनं त्यांचा सल्ला होता. चारशेहून जास्त शेतकरी सामील झाले.

मराठी वाचकाला यापुढे सांगायची गरजच नाही. पाणी अडवा, पाणी जिरवा. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारात जे पुढे झालं त्याचाच हा आधीचा, थंडीतला अवतार. फरक इतकाच, की आपल्याकडे पाणी जिरल्याचा पुरावा विहिरीच्या पातळीत दिसतो आणि इथे तो माशात दिसला. मुरलेलं पाणी झऱ्यांना मिळालं, झऱ्यांनी ओढे गार ठेवले आणि गार ओढ्यात ट्राउट परतला. कून व्हॅलीतला टिंबर कूली नावाचा ओढा आज ट्राउटवाल्यांच्या तोंडी असतो. तो काही कायमचा सुरक्षित झालाय असं मात्र नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या पावसानं याच भागातली पूरनियंत्रणाची पाच छोटी धरणं फुटली. त्या पुरानं आणून टाकलेली लाकडं मास्तर अजून बोट करून दाखवतात.

ट्राउट म्हणजे सामनच्या कुळातला मासा. भारतात तो इंग्रजांनी आणला. काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार इथे आहे. महाराष्ट्रात टिकणार नाही, कारण पाणी २० अंशांच्या पुढे गेलं की त्याला धाप लागते आणि पंचवीस अंशांवर तो मरणाला टेकतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमकी तेव्हाच त्याच्या शरीराला जास्त हवा असतो. म्हणजे पौषातलं आपलं ते कोमट विहिरीचं पाणी त्याच्यासाठी जीवघेणं. उलट जुलैतही नऊ अंशांनी फुटणारा झरा हा त्याचा स्वर्ग.

इथे दोन जाती. ब्रुक ट्राउट हा मूळचा रहिवासी, पाठीवर शेवाळी वेलबुट्टी, परांच्या कडेला चुन्याची बारीक रेघ ओढल्यासारखी पांढरी किनार. दुसरा ब्राउन ट्राउट, तो १८८० च्या दशकात युरोपातून अंड्यांच्या रूपात अमेरिकेत आणला. आता ओढ्यांत तोच जास्त. त्याला 'वाइल्ड' म्हणतात, पण 'नेटिव्ह' म्हणत नाहीत, आणि नवख्याचा इथे हमखास गोंधळ होतो. वाइल्ड म्हणजे याच ओढ्याच्या खड्यांत जन्मलेला. मत्स्यबीज केंद्रातून टँकरनं आणून सोडलेला नव्हे. नेटिव्ह म्हणजे पूर्वापार इथलाच. आपल्या स्वयंपाकघरातली मिरची बाहेरून आलेली, पण तिच्याशिवाय ठेचा कसला? ब्राउन ट्राउटचं तसंच आहे.

तर पाणी गोठत नाही आणि मासा आहे. मग हिवाळ्यात तो सापडायला अवघड का?

मासा थंड रक्ताचा. पाणी जितकं, तितकंच त्याचं अंग. दहा-पंधरा अंशांच्या पाण्यात त्याची भट्टी जोरात असते: पळतो, झडप घालतो, खातो, पचवतो. चार अंशांवर सगळंच मंदावतं. पोटातलं पचायलाच फार वेळ लागतो, त्यामुळे भूकही कमी. तो हिशोबी होतो. पंधरा रुपयांच्या वडापावसाठी कोणी पन्नास रुपयांची रिक्षा करत नाही. हिवाळ्यातला ट्राउटही तोंडापासून दोन वीत लांब गेलेल्या घासासाठी हलत नाही. उन्हाळ्यात तो खळखळत्या धारेत उभा असतो, कारण तिथे अन्न जास्त वाहून येतं. हिवाळ्यात ती धार अंगावर घेणं परवडत नाही. मग तो डोहात उतरतो, तळाशी, जिथे पाणी गोगलगाईच्या चालीनं सरकतं, आणि दगडाच्या नाहीतर मुळांच्या आडोशाला बसतो. मास्तर म्हणतात, जानेवारीत ओढ्याचा नव्वद टक्के भाग रिकामा समजा आणि चालत राहा. टक्केवारी त्यांच्या मनाची आहे, सल्ला बरोबर आहे.

आता विहीर परत आठवा. झरा नऊ अंशांनी बाहेर पडतो आणि ओढा खाली जाता जाता हवेला उष्णता देत गार होत जातो. मी खिशात दोरीला बांधलेला थर्मामीटर ठेवतो. गेल्या वर्षी एका सकाळी, बाहेर उणे नऊ, मोठ्या झऱ्याच्या जरा खाली ओढ्यात ७ अंश भरले. दोन-अडीच किलोमीटर खाली चालत गेलो, तिथे ३. काठाला काचेसारखे बर्फाचे तुकडे चिकटलेले. आणखी खाली गेलं तर तळाच्या दगडांनाच बर्फ धरलेला दिसतो. निरभ्र, कडाक्याच्या रात्री वाहतं पाणी शून्याच्या किंचित खाली जातं आणि बर्फाचे बारीक कण दगडांवर बसत जातात. सकाळी ऊन लागलं की त्याचे लोळे सुटून वर येतात. अशा जागी मासा शांत बसूच शकत नाही. म्हणजे हिवाळ्यात ट्राउट शोधणं हे खरं तर झरा शोधणं आहे. सांगलीकराचे आजोबा म्हणे नारळ हातावर धरून पाणी दाखवायचे. तो नारळाऐवजी वॉटरक्रेस बघतो.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढची आहे. कुठल्याही नवशिक्याला विचारा, उणे सहाचा दिवस बरा की अधिक पाचचा, तो अधिक पाच म्हणेल. मीही म्हणायचो. फेब्रुवारीत एक दिवस ऊन छान पडलं, हवा ५ अंशांवर गेली, आम्ही जॅकेटं काढून कमरेला बांधली आणि दिवसभर एक मासा हलला नाही. कारण उन्हानं टेकड्यांवरचा बर्फ वितळत होता, आणि वितळलेला बर्फ म्हणजे शून्य अंशाचं पाणी, ते चारी बाजूंनी ओढ्यात उतरत होतं. सकाळी सहा अंश असलेलं पाणी दुपारी चार अंशांवर आलं. हवा तापली आणि ओढा गारठला. उणे सहाच्या दिवशी बर्फ जागचा हलत नाही, ओढ्यात फक्त झऱ्याचं पाणी, आणि दुपारचं ऊन त्याला अर्धा-एक अंश वर चढवतं. तेवढ्या अर्ध्या अंशानं मासा जागा होतो. त्यामुळे आम्ही घरून दहाला निघतो. अकरा ते तीन, एवढाच कामाचा वेळ. पहाटे उठून मासे मारायला जाणारे बघितले की मास्तर त्यांच्याकडे दयेनं पाहतात.

आम्ही करतो ते फ्लाय फिशिंग. हा शब्द ऐकून लोकांना वाटतं माशी पकडून गळाला लावायची. तसं नाही. फ्लाय म्हणजे गळावर धागा, पीस, केस, तार गुंडाळून केलेला खोटा किडा. अडचण अशी, की त्याला वजनच नाही. साध्या गळाला शिसं बांधलेलं असतं; शिसं फेकलं की दोरी त्याच्या मागे जाते. पीस कसं फेकणार? त्यावर तोडगा असा, की वजन दोरीतच घालायचं. फ्लायची दोरी जाड, प्लॅस्टिकचा लेप दिलेली असते. पोतराजाचा आसूड डोळ्यांपुढे आणा. हाताचा झटका दोरीतून लाटेसारखा पुढे जातो आणि शेवटी टोकाशी फुटतो. इथे फुटू द्यायचा नाही, अलगद उलगडू द्यायचा. जाड दोरीला पुढे निमुळता होत जाणारा नायलॉनचा धागा, त्याच्या टोकाला एक अष्टमांश मिलिमीटर जाडीचा शेवटचा तुकडा, आणि त्याला तो किडा.

आमचे ओढे एसटीच्या रुंदीचे, कुठे कुठे त्याहूनही अरुंद. तिथे चित्रांत दिसतो तसा लांब डौलदार फेक कामाचा नाही. गुडघ्यांवर रांगत काठाशी जायचं, चार-पाच मीटर दोरी काढायची आणि डोहाच्या तोंडाशी टाकायची. रांगायचं अशासाठी, की मासा धारेकडे तोंड करून असतो, आपण मागून, म्हणजे खालच्या अंगानं गेलो तर बरं. शिवाय हिवाळ्यात पाणी काचेसारखं, झाडांना पान नाही, सावल्या लांब. एक सावली डोहावरून गेली की तासभर तो डोह विसरायचा. बर्फात रांगणाऱ्या तीन प्रौढ माणसांना पुलावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी हॉर्न मारून दाद दिलेली आहे.

किडा कोणता लावायचा, तर जो ओढ्यात आहे तो. या थंडीतही ओढ्यात किडे आहेत, याचं मला पहिल्या वर्षी फार नवल वाटलं. चिलटांच्या जातीचे मिज बाराही महिने पाण्यातून बाहेर पडतात; त्यातल्या काही जाती तर खास थंडीच्या, बर्फावर चालताना दिसतात. काळे, केसाएवढे. फेब्रुवारीच्या सुमाराला छोटे काळे स्टोनफ्लाय किनाऱ्यावरच्या बर्फावर लगबगीनं पळतात, जणू चुकीच्या महिन्यात लग्नाला आलेले पाहुणे. पाण्याखाली झिंग्याचा बारका भाऊबंद स्कड, वॉटरक्रेसच्या मुळांत शेकड्यांनी. म्हणून आमच्या डबीत दोन टोकांची हत्यारं. एक झेब्रा मिज: २० नंबरच्या गळावर काळा धागा, वर चांदीच्या तारेचे वेढे, डोक्याशी मणी. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे उलट गणित लक्षात ठेवायचं. २० नंबर म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. दुसरा पिंक स्क्विरल, याच भागात जन्मलेला: खारीच्या केसांचं धड, गळ्याशी भडक गुलाबी पट्टी, सोनेरी मणी. तो नक्की कोणत्या किड्यासारखा दिसतो यावर तासन्‌तास वाद होतात. माशांना त्या वादात रस नाही.

किडा तळाशी, माशाच्या तोंडासमोर, पाण्याच्याच वेगानं वाहत गेला पाहिजे. अवघड भाग हा. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा वेगानं जातं, ते दोरी ओढतं, दोरी किड्याला ओढते, आणि ओढला जाणारा किडा खोटा आहे हे माशाला कळतं. म्हणून दोरी जमेल तितकी पाण्याबाहेर उचलून धरायची. धाग्यावर लोकरीचा छोटा गोंडा बांधतो, तो तरंगतो. उन्हाळ्यात मासा लागला की गोंडा बुडतो. हिवाळ्यात बुडत नाही. फक्त क्षणभर अडखळतो. तळाच्या दगडाला अडकला असेल, पानाला अडकला असेल, किंवा मासा असेल. तिन्ही वेळा हात उचलायचा.

आणि थंडी आपला वेगळा कर वसूल करते. काठीला दोरीसाठी तारेच्या कड्या असतात. दोरी ओली, हवा शून्याच्या खाली. दर वेळी दोरी आत ओढली की तिच्यावरचं पाणी कडीशी निथळतं आणि तिथेच गोठतं. दहा-पंधरा फेकींत कडी बर्फानं बुजते. मग दोरी ना पुढे जाते ना मागे. यावर उपाय विहिरीचाच: काठीचं टोक ओढ्यात बुडवून धरायचं. हवा उणे नऊ, पाणी अधिक सात, बर्फ अर्ध्या मिनिटात सुटतो. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी दोरी हातानं जोरात खेचली आणि काठीचं टोक काडीसारखं मोडलं. सकाळचे साडेअकरा. उरलेला दिवस मी सांगलीकराच्या मागे जाळं घेऊन फिरलो. कड्यांना ओठांचं बाम लावलं तर बर्फ जरा उशिरा धरतो, हे नंतर कळलं.

हिवाळ्यात एकट्यानं जायचं नाही, हा आमचा एकच कडक नियम. कमरेएवढ्या पाण्यात पाय घसरला तर वेडर, म्हणजे छातीपर्यंतची ती रबरी-कापडी विजार, पाण्यानं भरू शकते. म्हणून तिच्यावर पट्टा घट्ट आवळायचा. पण खरा धोका त्यानंतर, ओल्या अंगानं वाऱ्यात उभं राहण्यात. बोटं काही मिनिटांत निकामी होतात, चेन लागत नाही, गाडीची किल्ली फिरत नाही. तेव्हा कोणीतरी दुसऱ्यानं किल्ली फिरवायला हवी. गाडीत कोरड्या कपड्यांची एक पिशवी कायम. तिघं असल्याचा दुसरा फायदा, डोह वाटून घेता येतात. एक जण मासेमारी करतो, बाकीचे दोघं काठावर चहा पीत त्याच्या चुका मोठ्यानं सांगतात. दहा मिनिटांनी पाळी बदलते. थंडीत सलग तासभर पाण्यात उभं राहणं तसंही शक्य नसतं, त्यामुळे ही पद्धत आपसूक पडली. मास्तर आपल्या पाळीचा दर वेळी एक मिनिट जास्त घेतात आणि आम्ही ते मोजलं नाही असं दाखवतो.

आता आईचा दुसरा प्रश्न. विस्कॉन्सिनच्या नियमानुसार जानेवारीतल्या पहिल्या शनिवारपासून मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारच्या आदल्या दिवसापर्यंत ट्राउट धरायचा आणि सोडायचा, घरी न्यायचा नाही. आमिष खोटंच हवं. परवाना लागतो, वर ट्राउटचा वेगळा शिक्काही. ओढा खासगी शेतातून जात असला तरी पाणी सगळ्यांचं. पुलाशी किंवा सरकारी जागेतून उतरायचं आणि पाय ओले ठेवायचे. पाय पाण्यात आहेत तोवर तुम्ही जनतेच्या मालमत्तेत, काठावर चढलात की कोणाच्या तरी रानात.

सोडण्यामागचं कारण सरळ आहे. हे ओढे लहान, यात मोठा मासा तयार व्हायला वर्षं लागतात, आणि इथे टँकर येत नाही. आज खाल्लेल्या माशाच्या जागी दुसरा या ओढ्यातच जन्मावा लागतो. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे आहेत, त्यांना कोणी गळ लावत नाही. तिथे राखण देवीची, इथे नियमाची. गळ टोचून मग सोडणं ही दया आहे की नुसती हौस, यावर मात्र माझं मन अजून साफ नाही. सोडायचं तर नीट सोडायचं एवढं पाळतो. काट्याचा उलटा दात पकडीनं दाबून टाकलेला. हात आधी पाण्यात ओले करायचे, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. उणे तापमानात ओले, नाजूक कल्ले काही सेकंदांत गोठू शकतात. फोटो हवा असेल तर मासा पाण्यातच ठेवून, वरून.

आणि पाय कुठे टाकतो ते बघायचं. दोन्ही जाती शरद ऋतूत अंडी घालतात. मादी शेपटीनं खडे झाडून खळगा करते, अंडी घालते, वर खडे ओढते. ती अंडी थंडीभर तिथेच असतात, खड्यांमधून झिरपणाऱ्या पाण्यावर जगत. ओढ्याच्या तळाशी आजूबाजूपेक्षा स्वच्छ, फिकट खड्यांचा ताटाएवढा गोल दिसला की तो ओलांडून जायचं. पुढच्या पाच वर्षांचे मासे त्या ताटात आहेत. बुटांचाही विचार करावा लागतो. नमद्याच्या तळव्याला बर्फाचे गोळे चिकटतात आणि माणूस उंच टाचांवर चालल्यासारखा डुलतो. त्यात तळव्यातून न्यूझीलंडची मोहरीएवढी गोगलगाय एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. मॅडिसनजवळच्या ब्लॅक अर्थ क्रीकमध्ये ती २०१३ साली सापडली. आम्ही खिळ्यांचे रबरी तळवे वापरतो आणि घरी आल्यावर बूट घासतो. बायको म्हणते एवढं स्वच्छ तू कधी ताटही घासलं नाहीस.

गेल्या जानेवारीतली ती ७ अंशांची सकाळ. झऱ्याखालचा तिसरा डोह, वरच्या अंगाला पडलेलं एक विलोचं झाड, पाळी माझी. एक वाजत आला होता. सांगलीकर हळूच म्हणाला, "वर बघ, झाडाच्या सावलीत." पाण्यावर धूसर वाफ, आणि वाफेखाली एक वलय. मग अजून एक. पावसाचा थेंब पडल्यासारखं, पण आकाश कोरडं. मिज बाहेर पडत होते आणि कोणीतरी वर येऊन ते टिपत होतं. उणे नऊमध्ये, पृष्ठभागावर. गोंडा काढून टाकला, तरंगणारा बारका काळा किडा बांधला. बांधला म्हणजे सात मिनिटं लागली. बोटं माझी नव्हतीच. दोन फेकी डाव्या बाजूला वाया. तिसरी बरोबर वलयाच्या हातभर वर पडली, किडा वाहत आला, आणि तिथलं पाणी जरासं चोखल्यासारखं आत गेलं.

काही मोठा नव्हता. वीतभर, जरा जास्त. जाळ्यात, पाण्यात तो आडवा होऊन थांबला. हिवाळ्यातले मासे झुंजही हिशोबानंच देतात. पोटाशी लोण्याचा पिवळा, बगलेवर कुंकवाचे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळसर कडं. हात पाण्यात होता तोवर उबदार वाटत होता, पाण्याबाहेर काढला की जळायचा. काटा आपोआप सुटला. मासा जाळ्यातून निघाला, माझ्या बुटाशी सावलीत एक क्षण थांबला आणि डोहात गेला. मास्तर म्हणाले, वेळ संपली.

तीनला ऊन टेकडीमागे गेलं आणि वलयं थांबली. गाडीपाशी आलो तोवर बुटांच्या नाड्या गोठून तारेसारख्या झाल्या होत्या. गाठ सुटेना, वेडर निघेना, आणि वेडर निघाल्याशिवाय गाडीत बसता येईना. सांगलीकरानं थर्मासमधला उरलेला आल्याचा चहा माझ्या बुटांवर ओतला. नाड्या सुटल्या. मास्तर आपला रिकामा पेला पुढे धरून उभे होते.